सड्यावरची लगोरी

रत्नागिरीकडून देवगडकडे समुद्राच्या बाजूने निघालात की सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, जिथे गाडी कडेला लावता येते आणि खाली पाणी दिसतं, तिथे दगडांच्या लगोऱ्या उभ्या दिसतात. फोटोपुरता थांबलेला पर्यटक पाच-सात दगड एकावर एक रचतो आणि पुढे जातो. त्या बघून मागून येणाऱ्यालाही हुरूप येतो.

लगोरी उभी राहण्याची अट एकच. कुठल्याही दगडाच्या वर जे काही रचलंय त्या सगळ्याच्या मिळून गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा त्या दगडावरच्या टेकूच्या आत पडला पाहिजे. टेकू मोठा असावा असंही नाही, एका रेषेत नसलेली तीन बारीक टोकं पुरतात. जांभ्यावर ती सहज मिळतात. बेसॉल्ट युगानुयुगं पावसात कुजला, त्यातली सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली आणि हा भोकाभोकांचा दगड तयार झाला. वरच्याचा उंचवटा खालच्याच्या भोकात बसतो, मग घसरणार कुठे?

घरबांधणीचे सारखे चिरे घेतले तर गणित आणखी रंगतं. एकूण पाच चिरे. सगळ्यात वरचा त्याच्या खालच्यापेक्षा अर्धी लांबी पुढे, तो त्याच्या खालच्यापेक्षा पाव, मग एक षष्ठांश, मग एक अष्टमांश. बेरीज होते २५/२४, म्हणजे वरचा चिरा तळाच्या चिऱ्याच्या पूर्ण बाहेर, आणि तरी पडत नाही! अर्थात कागदावर. फूटभर लांब चिऱ्यांत सगळी मिळून जेमतेम अर्ध्या इंचाची मोकळीक उरते. हाच चमत्कार दोन लांबींपर्यंत न्यायचा तर तळाचा सोडून ३१ चिरे लागतात.

आता अडचणीची गोष्ट. लगोरीला चपटा दगड हवा, आणि सड्यावरच्या जिवांनाही तोच हवा. चपट्या दगडाखालच्या अरुंद फटीत ओल टिकते, ऊन लागत नाही, पक्ष्याची चोच पोचत नाही. सड्यावर झाडाची सावली जवळजवळ नाहीच, त्यामुळे सुटा दगड हेच छप्पर. रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावाने विज्ञानाला असे दोन जीव दिलेत: १९६३ मध्ये हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस ही पाल आणि २००३ मध्ये देवगांडुळाची एक जात. देवगांडूळ दिसतं गांडुळासारखं, पण ते बेडकाचं भाऊबंद, पाठीचा कणा असलेलं. ही पाल तर दिवसा दगडाखालीच असते. दगड उचलून लगोरीवर चढवला की खालची ओल उन्हात सुकते, आणि लगोरी कितीही देखणी असली तरी तिच्यातल्या दगडांखाली कुणाला राहता येत नाही.

त्याच दगडांखाली फुरसंही असतं. हातभरसुद्धा लांब नसलेला हा साप अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतो, तेव्हा करवतीसारख्या दातेरी खवल्यांतून खरखर आवाज येतो. त्याच्या विषाने रक्त गोठणं बिघडतं. गावातला माणूस सड्यावरच्या दगडाखाली उगाच बोटं घालत नाही, ते यासाठी.