इलेक्ट्रॉनीय संदेशवहन : मूलतत्त्वे

ध्वनी, चित्र, मजकूर इ. माहितीचे विद्युत् संकेतांत रूपांतर करून ती दूरवर पोहोचविण्याची व्यवस्था. प्रेषक, माध्यम व ग्राही ही तिची अंगे. माध्यम तार, प्रकाशीय तंतू किंवा मोकळा अवकाश असते. वाटेत संकेत क्षीण होतो आणि त्यात गोंगाट मिसळतो. पुढील सर्व तंत्रांचा रोख या दोन अडचणींवर आहे.

मूळ संकेत सहसा तसाच प्रक्षेपित करता येत नाही. ३ किलोहर्ट्झ कंप्रतेच्या (वारंवारतेच्या) तरंगाची लांबी १०० किमी. असते, त्याच्या पावपट अँटेना घ्यायची तर ती २५ किमी. होईल. १०० मेगाहर्ट्झच्या वाहक तरंगाला (संकेत वाहून नेणाऱ्या उच्च कंप्रतेच्या तरंगाला) ७५ सेंमी. पुरते. म्हणून संकेतानुसार वाहकाचा परमप्रसर (तरंगाची कमाल उंची), कंप्रता किंवा कला (चक्रातील स्थिती) बदलतात. या क्रियेला मराठी परिभाषेत विरूपण हा शब्द आढळतो. त्यातून बिघाड सूचित होत असल्याने येथे मॉड्युलेशन हाच शब्द वापरला आहे.

परमप्रसर मॉड्युलेशनात साध्या ज्या-तरंगाने (साइन तरंगाने) पूर्ण मॉड्युलेशन केले, तरी दोन तृतीयांश शक्ती माहिती न वाहणाऱ्या वाहकातच राहते. कंप्रता मॉड्युलेशनाने पट्टरुंदी (संकेताने व्यापलेल्या कंप्रतांच्या पट्ट्याची रुंदी) वाचेल अशी आरंभी अपेक्षा होती. अमेरिकन अभियंते जॉन कार्सन यांनी १९२२ मध्ये ती गणिताने खोडून काढली. त्यांच्या नियमानुसार वाहकाच्या कंप्रतेचे ७५ किलोहर्ट्झ विचलन (मूळ मूल्यापासूनचा कमाल बदल) व १५ किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी यांना सु. १८० किलोहर्ट्झ लागतात. अमेरिकन अभियंते एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९३० नंतरच्या दशकात प्रश्न उलट बाजूने पाहिला : पट्टा मुद्दाम रुंद ठेवला, तर गोंगाट दबतो. पट्टरुंदी खर्चून शुद्धता मिळते, हे या विषयाचे मर्मच म्हणावे लागेल.

गोंगाटाचा काही भाग टाळताच येत नाही. जॉन्सन या संशोधकांनी मोजलेला आणि अभियंते नायक्विस्ट यांनी उपपत्ती दिलेला (दोन्ही लेख १९२८) औष्णिक गोंगाट केवळ तापमान व पट्टरुंदी यांवर अवलंबून असतो. खोलीच्या तापमानास तो दर हर्ट्झमागे एक मिलिवॅटच्या मानाने सु. उणे १७४ डेसिबल (शक्तींच्या गुणोत्तराचे लॉगरिदमीय एकक) भरतो. वर्धक संकेताबरोबर यालाही वाढवितो आणि स्वतःची भर घालतो. त्यामुळे ग्राहीचा पहिलाच टप्पा कमी गोंगाटाचा असावा लागतो.

अंकीय पद्धतीचा (संकेत आकड्यांच्या रूपात पाठविण्याचा) पाया नमुना-प्रमेय : संकेतातील सर्वोच्च कंप्रतेच्या दुपटीहून अधिक वेगाने घेतलेल्या नमुन्यांतून (ठराविक क्षणी मोजलेल्या मूल्यांतून) मूळ संकेत पुन्हा उभा करता येतो. त्याचे श्रेय कोणाचे, याविषयी एकमत नाही. गणितज्ञ ई. टी. व्हिटकर यांच्या १९१५ च्या अंतर्वेशनावरील लेखात त्याचे बीज दिसते. पण तेथे संदेशवहनाचा विचार नाही. नायक्विस्ट यांचे नाव सर्वाधिक घेतले जाते, तथापि त्यांच्या १९२८ च्या लेखाचा प्रश्न वेगळा होता : ठराविक पट्टरुंदीतून सेकंदाला किती स्पंद वेगवेगळे ओळखता येतील? संदेशवहनाच्या संदर्भात प्रमेय स्पष्टपणे मांडण्याचा मान व्लादिमिर कोतेल्निकोव्ह यांच्या १९३३ च्या रशियन लेखाकडे जातो, हे मत अधिक ग्राह्य वाटते. हा लेख पश्चिमेत फार उशिरा माहीत झाला. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये प्रमेय सिद्ध केले, परंतु ही गोष्ट या शास्त्रात सर्वांना परिचितच आहे, असेही त्यांनी नमूद केले. ‘नायक्विस्ट अंतराल’ (दोन नमुन्यांतील कमाल कालांतर) ही संज्ञाही त्याच लेखातली. दूरध्वनीत सेकंदाला ८,००० नमुने व प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४ किलोबिट, हे प्रमाण रूढ झाले. नमुने आकड्यांत मांडून पाठविण्याच्या या पद्धतीची कल्पना ब्रिटिश अभियंते ॲलेक रीव्ह्ज यांनी १९३७ च्या सुमारास मांडली.

पट्टरुंदी, शक्ती व गोंगाट यांचा नेमका हिशेब शॅनन यांच्या १९४८ च्या लेखात मिळतो. संकेत-गोंगाट गुणोत्तरात (दोहोंच्या शक्तींच्या गुणोत्तरात) १ मिळवून त्याचा २ पायाचा लॉगरिदम घ्यावा व त्यास पट्टरुंदीने गुणावे. येणारी संख्या म्हणजे माध्यमाची धारकता (सेकंदाला जास्तीत जास्त बिट). ३,१०० हर्ट्झ पट्टा व १,००० गुणोत्तर असल्यास ती सेकंदाला सु. ३१,००० बिट भरते. या मर्यादेच्या आत जवळजवळ निर्दोष प्रेषण शक्य आहे असे प्रमेय सांगते, पण त्यासाठीचा संकेतसंच (माहिती सांकेतिक रूपात मांडण्याची रीत) कसा रचावा हे सांगत नाही. त्याचा शोध पुढे चार दशकांहून अधिक काळ चालला. १९९३ मध्ये जाहीर झालेल्या ‘टर्बो’ संकेतसंचांनी शॅनन मर्यादेपासूनचे अंतर एका डेसिबलच्याही आत आणले.