घरगुती उपकरणांवरील ‘एआय’: पार्श्वभूमी

मुंबईतील दुकानांत आज वॉशिंग मशीन, एसी आणि फ्रिजवर ठळकपणे छापलेली ‘एआय’ ही अक्षरे चॅटबॉटच्या लाटेसोबत आली असे अनेकांना वाटते. परंतु ही विक्रीची रीत जुनी आहे. फझी लॉजिकचे, म्हणजे केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ न मानता ‘थोडे’, ‘बरेच’ अशा अधल्यामधल्या पायऱ्याही मानणारे गणित १९६५ मध्ये मांडले गेले आणि १९९० च्या सुमारास जपानमध्ये त्यावर चालणारी वॉशिंग मशीन बाजारात आली. कपड्यांचा भार आणि पाण्याचा गढूळपणा सेन्सरने ताडून धुण्याचा वेळ ठरवणे, हे तिचे काम होते. पुढे भारतातील जाहिरातींतही ‘फझी लॉजिक’ झळकले आणि नंतर त्याची जागा ‘स्मार्ट’ने घेतली.

खरा वाद आहे तो ‘एआय’ कशाला म्हणावे याचा. अभियंत्यांनी आधीच लिहून ठेवलेल्या नियमांवर चालणारे यंत्र, असंख्य नमुन्यांवरून कारखान्यातच शिकवून पाठवलेले यंत्र आणि घरातील वापर पाहून स्वतःला बदलत जाणारे यंत्र, या तीन वेगळ्या गोष्टी असूनही खोक्यावर तिन्हींना एकच नाव मिळते. नियमांवर चालणाऱ्या प्रणालीही एआयच्या शास्त्राचाच भाग मानल्या गेल्या आहेत, हा उत्पादकांचा युक्तिवाद चुकीचा नाही. मात्र जादा पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला यंत्र तिसऱ्या प्रकारचे वाटते आणि हा समज दूर करण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. शिवाय ठरावीक तासांनाच पाणी येणाऱ्या मुंबईतील घरांत धुण्याची वेळ नळ ठरवतो. तिथे सवयी शिकणाऱ्या यंत्राचा उपयोग किती, हे विक्रेत्याने सांगायला हवे.

ऊर्जाबचतीच्या ताऱ्यांशी तुलना केली की उणीव स्पष्ट होते. एसी आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजसाठी २०१० पासून सक्तीच्या झालेल्या या ताऱ्यांमागे मोजमाप आणि ठरलेली चाचणी आहे. ‘एआय’ या अक्षरांमागे तशी कोणतीही कसोटी नाही. अमेरिकेत २०२४ मध्ये एआयचे खोटे दावे केल्याबद्दल दोन गुंतवणूक सल्लागार कंपन्यांना दंड झाला, पण तो प्रश्न रोखे बाजाराचा होता. भारतात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे जून २०२२ मध्ये लागू झाली. पडताळता येण्याजोग्या दाव्यांना आधार देता आला पाहिजे, असे ती सांगतात. आणि व्याख्याच न ठरलेला शब्द नेमका या अटीतून निसटतो.