‘पोट्टं आयकत नाही’: ऑटिझमच्या तपासणीला निघण्याआधी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे विदर्भात तान्हा पोळा भरतो. लेकरं नटूनथटून लाकडी नंदी दोरीनं ओढत मारुतीच्या पारावर आणतात आणि मग घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) मागत फिरतात. दोन वर्षांपूर्वी त्या गर्दीत शेजारचा चार वर्षांचा मुलगा आपला नंदी उलटा करून बसला होता. डोळा चाकाला भिडवून एका बोटानं तो ते चाक फिरवत होता. थांबलं की पुन्हा फिरवायचं. बाकीच्या पोरांकडे त्यानं एकदाही मान वळवली नाही. मग डफडं वाजायला लागलं. त्यानं कान दाबले, किंचाळला, आणि उचलायला गेलेल्या आजोबांच्या मनगटाला कडकडून चावला. पारावरून कुणीतरी म्हणालं, “लय वात्रट हाय पोट्टं.” आईनं दोन रपाटे घातले आणि त्याला फरफटत घरी नेलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून संध्याकाळी ती माझ्याकडे आली. “सर, याले मारून मारून थकली मी. मोबाईलवर गाणं लागलं का तो धावत येते, अन् मी हाक मारली त पाह्यत बी नाही. पाणी पाह्यजे असलं त माहा हात धरून माठापाशी नेते, पण बोट दाखवत नाही. मले सांगा, हा असा काऊन करते?”

पारावर झालेली ती तक्रार होती. या माउलीनं सांगितलं ते निरीक्षण होतं, आणि तेही एखाद्या तज्ज्ञानं वहीत टिपून घ्यावं असं. हा लेख त्या फरकाबद्दल आहे. ऑटिझम म्हणजे मेंदूच्या वाढीची वेगळी ठेवण, जी माणसांशी वागण्यात आणि त्याच त्या गोष्टींत रमण्यात दिसते. तो ओळखायला रक्ताची तपासणी नाही, एक्स-रे नाही, एमआरआयमध्येही तो दिसत नाही. डॉक्टर मुलाचं वागणं पाहतात आणि घरच्यांना विचारतात. म्हणजे निदानाचा निम्मा पुरावा आईच्या डोळ्यांत साठलेला असतो. तो नीट पोचला नाही, तर दीडशे किलोमीटरची बसफेरी आणि दिवसाची मजुरी दोन्ही वाया जातात.

बोटाचंच पाहा. वर्षाचं लेकरू कडेवर बसून चांदोमामाकडे बोट करतं, मग वळून आईच्या तोंडाकडे पाहतं. त्याला चंद्र नको असतो. ‘मला दिसलं, तुला दिसलं का?’ एवढंच त्याला विचारायचं असतं. एकाच गोष्टीकडे दोघांनी मिळून पाहणं ही भाषेची पहिली पायरी आहे, कारण आई ‘चांदोमामा’ म्हणते तो शब्द त्या सामाईक नजरेवरच चिकटतो. दीड वर्षाचं झालं तरी मूल असं काही दाखवायला बोट करत नसेल, हाकेला वळत नसेल, तर थांबू नये. आईचा हात धरून तो अवजारासारखा माठापर्यंत नेणं ही यातलीच खूण आहे: गरज कळली, पण ती सांगायची वाट सापडली नाही.

या मुलांचं निदान दोन गोष्टींवर उभं असतं. एक म्हणजे माणसांशी देवाणघेवाण: नजर, हावभाव, बोलणं, खेळात दुसऱ्याला सामील करून घेणं. दुसरी म्हणजे ठरावीकपणा: तेच ते हातवारे, तोच खेळ, रोजच्या क्रमात जराही बदल न चालणं, आवाज, स्पर्श किंवा चवीबद्दल फार जास्त किंवा फार कमी संवेदना. दोन्ही असाव्या लागतात, त्यांची सुरुवात लहानपणीची असावी लागते आणि त्यापायी रोजचं जगणं अडत असावं लागतं. नुसता हट्टीपणा म्हणजे ऑटिझम नव्हे, आणि नुसतं उशिरा बोलणंही नव्हे.

चावणं, डोकं आपटणं, ताट भिरकावणं यातलं काहीच त्या यादीत नाही, हे वाचून अनेकांना नवल वाटेल. ज्या वागण्यापायी घरचे वैतागतात ते बहुतेक वेळा परिणाम असतं. डफड्याचा आवाज आपल्याला जोरदार वाटतो, त्या मुलाला तो सहन न होणारा असू शकतो. त्याला ‘पुरे’ म्हणता येत नाही, मग दात बोलतात. हट्टानं रडणारं मूल साधारणपणे मध्येच डोळा उघडून पाहतं की कुणी बघतंय का, आणि हवं ते मिळालं की थांबतं. या मुलाचा भडका मात्र वस्तू हातात दिली तरी थांबत नाही, दमून जाईपर्यंत चालतो. त्याला मारलं तर एक वेदना आणखी वाढते. आणि नेहमी शांत असणारं मूल अचानक डोकं आपटायला लागलं, तर आधी कान, दात आणि पोट तपासून घ्यावं. कानाचा ठणका किंवा आठ दिवसांचा बद्धकोष्ठ हे कारण निघतं, आणि न बोलणाऱ्या मुलाला ते सांगता येत नाही.

त्या आईला मी जुनी दोनशे पानी वही दिली. तिला लिहिता येतं, पण हात दुखेपर्यंत कापूस वेचल्यावर कोण लिहील? म्हणून ती सांगायची आणि तिची सातवीतली पुतणी लिहायची. प्रत्येक भडक्यामागे तीन गोष्टी: आधी काय झालं, त्यानं काय केलं, मग आपण काय केलं. पंधरा दिवसांत एक गोष्ट उघडी पडली. बहुतेक प्रसंग एक तर आवाजाचे होते, नाही तर वाट बदलल्याचे. बाप शेतातून ज्या बाजूनं नेहमी आणतो ती सोडून दुसऱ्या रस्त्यानं आणलं की आग. भाजी वरण-भाताला लागली की आग. ‘विनाकारण करते’ असं घरात म्हणत होते, पण त्या पंधरा दिवसांत विनाकारण झालेले प्रसंग दोनच निघाले.

मोबाईलचा खरा उपयोगही इथंच आहे. दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ काढून ठेवावेत: एकटा खेळताना, हाक मारल्यावर, जेवताना, इतर मुलांत असताना, आणि जमलं तर भडक्याच्या वेळी. अनोळखी खोलीत, तीन तासांच्या प्रवासानंतर मूल जसं वागतं तसं ते घरी वागत नाही. डॉक्टरांना घरातला मुलगा दिसला पाहिजे.

आता कुठं जायचं ते. सुरुवात अंगणवाडीपासून होते. २०१३ साली महाराष्ट्रातल्याच पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरती वैद्यकीय पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतात. विकासातला उशीर त्यांच्या यादीत आहे. पण पथकाला एका दिवसात पुष्कळ मुलं पाहायची असतात आणि हे मूल बहुधा त्या दिवशी कोपऱ्यात गप्प बसलेलं असतं. म्हणून ताईंना आधी सांगून ठेवावं आणि वही दाखवावी. पथकाची चिठ्ठी मिळाली की पुढची पायरी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा उपचार आणि कान-डोळ्यांची तपासणी एकाच ठिकाणी मिळावी म्हणून ही केंद्रं कल्पिली आहेत. प्रत्यक्षात सगळी पदं भरलेली असतीलच असं नाही, म्हणून फोन करून कोण कोणत्या वारी असतं ते विचारूनच निघावं. त्यापुढे वैद्यकीय महाविद्यालयांचे बालरोग आणि मानसोपचार विभाग आहेत: यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया, सेवाग्राम, नागपूर.

पहिली तपासणी कानाची. “गाणं ऐकून तर येते” एवढ्यावर कान चांगला ठरत नाही. काही मुलांना जाड आवाज ऐकू येतात, पण ‘स’, ‘श’सारखे बारीक आवाज येत नाहीत, आणि मग शब्द तुटक पोचतात. ‘बेरा’ तपासणीत डोक्याला छोटे इलेक्ट्रोड लावून कानात टकटक आवाज सोडतात आणि मेंदूकडे जाणारा संदेश मोजतात. मुलाला उत्तर द्यावं लागत नाही, फक्त झोपलेलं असावं लागतं. बसमध्ये झोप काढून ताजंतवानं पोचलेलं मूल तिथं झोपत नाही आणि पुढची तारीख मिळते, म्हणून प्रवासात त्याला जागं ठेवायचं. कानाबरोबरच बुद्धीची वाढ मागे आहे का, झटके येतात का, अतिचंचलता आहे का, केवळ भाषेचा उशीर आहे का, हेही तपासतात. यातलं एखादं ऑटिझमऐवजी असू शकतं किंवा त्याच्यासोबतही.

मग प्रश्नांची फेरी होते. आपल्याकडे प्रमाणपत्रासाठी २००९ साली सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झालेली ‘इसा’ ही मोजपट्टी वापरतात. त्यात ४० बाबी आहेत, प्रत्येकीला १ ते ५ गुण. बेरीज ७० च्या खाली असेल तर ऑटिझम धरत नाहीत, १५३ च्या वर गेली तर तीव्र समजतात. इथं एक गोष्ट विदर्भातल्या पालकांनी आवर्जून करावी: घरी कोणती बोली आहे ते आधी सांगावं. आमच्या जिल्ह्यात घरात वऱ्हाडी, गोंडी, कोलामी, गोरमाटी बोलतात. चित्र दाखवून विचारलेला पुस्तकी शब्द मुलाला माहीतच नसेल, तर चूक मुलाची नाही. तसंच मोठ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून पाहू नये असं शिकवलेलं पोर परक्या डॉक्टरकडे पाहत नाही, त्याचा अर्थ वेगळा. आजीकडे पाहतं का, हे सांगावं.

शेजारच्या घराचं पाऊल उचलायला उशीर झाला, कारण सल्ले फार होते. “बाप बी पाच वर्साचा होऊन बोलला.” “बाहेरचं हाय, उतारा टाका.” एका डॉक्टरनं, नाव घेत नाही, तीन मिनिटांत सांगितलं की मोबाईल बंद करा, सहा महिन्यांत ठीक होईल. स्क्रीन कमी करणं चांगलंच, पण स्क्रीनमुळे होतो म्हणतात त्या ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ नावाचं निदान वैद्यकाच्या मान्य यादीत नाही, आणि त्या सहा महिन्यांत मुलाची कानाची तपासणीही झाली नाही याचा मला आजही राग येतो. गंडा बांधला म्हणून मी कुणाशी भांडत नाही. बांधा, पण बस चुकवू नका.

सासूचं म्हणणं सगळ्यात जड होतं: आई शेतावर जाते, लेकराला जीव लावत नाही, म्हणून असं झालं. हा आरोप जुना आहे आणि तो आमच्या गावात जन्मला नाही. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांचं वर्णन करून या स्थितीला नाव दिलं, तेव्हा त्यांच्या पालकांच्या थंडपणाचाही उल्लेख केला. पुढची वीस-पंचवीस वर्षं जगभरच्या आयांनी ‘फ्रिजसारखी आई’ हे दूषण सोसलं. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञानं, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, त्याविरुद्ध ग्रंथ लिहिला. १९७७ साली ब्रिटनमध्ये २१ जुळ्या जोड्या अभ्यासल्या गेल्या. ११ एकसारख्या जुळ्यांपैकी चार जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता, दहा बिनसारख्या जोड्यांत एकातही नाही. दोन्ही प्रकारची जुळी एकाच आईच्या हाताखाली वाढतात, तरी हा फरक. एकसारख्या जुळ्यांची जनुकं सारखी असतात, म्हणजे कारण मुख्यत्वे जनुकांत आहे, आणि एका नव्हे, शेकडो जनुकांच्या बारीकसारीक फरकांत. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीमुळे ऑटिझम होतो हा संशय १९९८ साली ज्या १२ मुलांच्या लेखातून पसरला, तो लेख नियतकालिकानं २०१० साली मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलं तपासून २०१९ साली पुन्हा तेच दिसलं: संबंध नाही.

मला ‘स्वमग्नता’ हा मराठी शब्दही खटकतो. शब्द सुंदर आहे, पण मूल स्वतःत बुडालंय, त्याला बाहेरचं काही नको, असं तो सांगतो. तो मुलगा चाकात बुडाला होता, आवाजानं पोळत होता, संध्याकाळची एसटी पाच मिनिटं उशिरा आली तर त्याला कळत होतं. बाहेरचं जग त्याच्यापर्यंत पोचत होतं, कधीकधी फारच जोरात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२१ साली जगात दर १२७ माणसांमागे एक ऑटिझमसह जगत होता. हे प्रमाण धरलं तर दोन हजार वस्तीच्या गावात पंधराएक माणसं निघतात. ती कुठं आहेत? ‘येडा’, ‘मुका’, ‘अडाणी’ या नावांखाली. मुली तर आणखी दडलेल्या, कारण गप्प राहणारी पोर ‘शहाणी’ ठरते.

निदान झालं की दोन गोष्टी सुरू होतात. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, तेव्हा प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (अपंगत्वाच्या ओळखपत्रासाठी) अर्ज करावा, आणि शाळेसाठी तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटावं. दुसरी गोष्ट शिकवण्याची. ऑटिझम घालवणारं औषध नाही. लाखो रुपयांत स्टेम सेलचा (मूळ पेशी टोचण्याचा) उपचार विकणारे आहेत, पण ऑटिझमवर हा उपचार करू नये असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ साली सांगितलं आहे. त्या पैशासाठी वावर गहाण टाकू नका, हे हात जोडून सांगतो. उपयोग होतो तो आईबापांना शिकवलेल्या रीतीचा. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत ६५ मुलांवर झालेल्या अभ्यासात डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना ही रीत शिकवली. २०१६ साली निकाल आला: पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद सुरू करू लागली. रीत सांगायला सोपी, करायला चिकाटीची. मूल जे पाहतंय ते आपण पाहायचं, त्याच्या खेळात जायचं, थोडं बोलायचं आणि थांबायचं.

शेजारच्या मुलाचं निदान पाचव्या वर्षी झालं: मध्यम ऑटिझम, कान चांगले. यंदाच्या तान्ह्या पोळ्याला आईनं त्याला तीन वाजताच पारावर आणलं, डफडेवाले यायच्या आधी. त्यानं नंदी उलटा केला आणि चाक फिरवायला लागला. अंगणवाडीच्या ताई शेजारी मातीत मांडी घालून बसल्या, दुसरा नंदी उलटा केला आणि त्याचं चाक फिरवलं. “फिर्रर्र,” त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. बराच वेळ काही झालं नाही. मग त्याचा हात थांबला. त्यानं त्यांच्या चाकाकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे, आणि ताईंचा हात उचलून पुन्हा चाकावर ठेवला.