स्मरणशक्तीची तपासणी: येण्याआधी हे वाचा

अपघातात डोक्याला मार लागल्यावर लक्षात राहत नाही, अशी तक्रार घेऊन दाव्याच्या किंवा विम्याच्या कामासाठी आमच्याकडे बरेच जण येतात. त्यांना आधीच सांगून ठेवतो: तपासणीत तुम्ही मनापासून उत्तरं देताय का, हेही पाहिलं जातं. कोणत्या चाचणीत, ते विचारू नका. सांगितलं तर ती चाचणी वाया गेली.

तत्त्व मात्र लपवण्यासारखं नाही. समजा, 50 चित्रं दाखवली. मग त्यातलं एकेक चित्र नव्या चित्राशेजारी ठेवून विचारलं, ‘यातलं आधी कोणतं पाहिलंत?’ काहीच आठवत नसलं तरी नुसत्या अंदाजाने 25 च्या आसपास उत्तरं बरोबर येतात. कुणाची 12च बरोबर आली, तर तो योगायोग म्हणता येत नाही. बरोबर चित्र ओळखूनच ते टाळलेलं असतं. इतकं उघड सोंग क्वचितच दिसतं. बहुतेक वेळा गुणांची तुलना खऱ्या रुग्णांशी करावी लागते. आठवून सांगण्यापेक्षा पाहून ओळखणं सोपं, त्यामुळे मेंदूला खरोखर इजा झालेल्यांनाही इथे बरेच गुण पडतात. सोंग घेणाऱ्याला याची कल्पना नसते, तो गरजेपेक्षा जास्त विसरतो.

स्विस मानसशास्त्रज्ञ आंद्रे रे यांची 15 चिन्हांची जुनी चाचणीही दिसते त्यापेक्षा सोपी; तिच्यात मात्र चिन्हं पाहून नंतर आठवणीने काढायची असतात. आकडा ऐकून धडकी भरते, पण चिन्हं तीन-तीनच्या सोप्या गटांत असतात. कमी शिकलेले किंवा बौद्धिक दिव्यांग लोक प्रामाणिकपणे सोडवूनही तिच्यात मागे पडू शकतात. तिच्या एकटीच्या भरवशावर आम्ही काही लिहीत नाही.

गुण कमी आले म्हणून अहवालात कुणाला खोटारडं ठरवलं जात नाही. ‘या गुणांवर विसंबता येत नाही’ एवढंच लिहिलं जातं, आणि कारण शोधलं जातं. बळावलेल्या डिमेन्शियातही गुण घसरतात.

वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्रास खरा असतो, पण कुणी विश्वास ठेवणार नाही या भीतीने माणूस तो वाढवून दाखवतो. मग खरा किती आणि वाढवलेला किती, हे आम्हालाही वेगळं करता येत नाही. जे येतं ते सांगा, येत नसेल तर अंदाज करा.

चष्मा, श्रवणयंत्र, डिस्चार्ज कार्ड आणि चालू औषधांची यादी सोबत आणा. रात्री झोप झाली नसेल किंवा डोकं फार दुखत असेल तर तसं सांगा, तारीख बदलून देऊ. नातेवाइकांनी चाचणी चालू असताना बाहेर बसावं.