कथन कशामुळे होतं? सांगलीच्या रंगभूमीपासूनची पार्श्वभूमी

एखादा मजकूर कथन, म्हणजे गोष्ट, आहे की नाही, हे कशावरून ठरवायचं? या वादाची मुळं शोधायला सांगलीकराला फार लांब जावं लागत नाही. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून तसं काही मराठीत व्हावं, असं संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांना वाटलं आणि 1843 मध्ये विष्णुदास भावे यांचं ‘सीता स्वयंवर’ सांगलीत उभं राहिलं. त्या खेळात पदं सूत्रधार गाई. कोण आलं, का संतापलं, पुढे काय झालं, हे तोच सांगे. पात्रं त्या पदांना धरून आयत्या वेळी बोलत, लढत, विलाप करत. एकाच रंगमंचावर गोष्ट सांगितलीही जात होती आणि घडवूनही दाखवली जात होती.

ग्रीकांनी पाहिलेला भेद नेमका हाच. कवी स्वतः सांगतो ते वेगळं आणि पात्राच्या तोंडून बोलतो ते वेगळं, असं प्लेटोने मांडलं. ॲरिस्टॉटलने घटनांच्या जुळणीवर भर दिला. पुढे फ्रान्सचा साहित्य-अभ्यासक जेरार जेनेत याने कथनाला सांगणारा हवाच, अशी अट धरली. अमेरिकेत लबॉव्ह आणि वॅलेट्झ्की या भाषेच्या अभ्यासकांनी 1967 मध्ये साध्या माणसांनी सांगितलेले अनुभव तपासले आणि किमान दोन वाक्यं काळाच्या क्रमाने जोडलेली हवीत, असं ठरवलं. मात्र ते सांगण्याजोगं का, हेही सांगणाऱ्याच्या बोलण्यात दिसतं, हे त्यांनी आवर्जून नोंदवलं.

क्रमाला दिलेली ही जोड मला फार मोलाची वाटते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं, मग 45 फुटांवर गेलं. क्रम आहे, पण हा नुसता तक्ता झाला. पाणी वाढलं म्हणून म्हशी सोडल्या, दावणीला एक राहिली, तिच्यासाठी थोरला मागे फिरला, असं कुणी सांगू लागलं की ऐकणारा विचारतो, मग?

1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’मध्ये पात्रं आपली पदं आपणच गाऊ लागली आणि सूत्रधार सुरुवातीलाच निघून गेला. जेनेतच्या अटीने बघितलं तर कथन तिथेच संपलं. मला ते पटत नाही. दुर्वासांचा शाप, हरवलेली अंगठी, त्यामुळे दुष्यंताला न पटणारी ओळख: हा कार्यकारणाचा धागा प्रेक्षकाला सूत्रधारावाचूनही नीट धरता येतो.