आजीचं करवती लुगडं प्लायवर चिकटवू नका

आजीचं करवती लुगडं पेटीतून काढलं तेव्हा ते बरोबर घड्यांवर फाटलेलं होतं, कात्रीने कापल्यासारखं सरळ, आणि मला खरंच रडू आलं. घडीत धागा वर्षानुवर्षं एकाच जागी वाकलेला राहतो, वर धूळ बसते आणि तिचे टोकदार कण धाग्याला हळूहळू कापत जातात. इथे नागपुरात फ्रेमवाले काका म्हणाले प्लायवर गोंदाने चिकटवून वर काच लावून देतो. चांगल्या मनाने म्हणाले, पण असं करू नका.

करवतीचं अंग टसरचं (जंगली रेशमाचं) असतं आणि काठ सुताचा, तो करवतीच्या दातांसारखा काठ अंगात गुंतवायला तीन धोटे (आडवा धागा इकडून तिकडे नेणारी विणकराची साधनं) लागतात, आमच्या विदर्भातल्या विणकरांचं हे कसब बघत राहावं असं आहे! पण टसर म्हणजे प्रोटीन, आपल्या केसांसारखं, आणि सूत म्हणजे सेल्युलोज, झाडापासून आलेलं. धुण्याच्या पावडरमधला क्षार टसरला खातो, सुताला फारसं काही करत नाही. प्लायमधून निघणारी आम्लाची वाफ मात्र सुताला ठिसूळ करते. ओलं झालं की सूत उलट मजबूत होतं आणि टसर कमजोर, म्हणून घरी बादलीत बुडवायचं तर नावच नको. त्यात आपला मे महिना, बाहेर ४५ डिग्री आणि घरात कूलर, दोन्ही धागे हवेतला ओलावा पिऊन फुगतात आणि परत आकसतात पण सारखे नाही, त्यामुळे जोडावर ताण येतो.

फाटलेल्या कडा ओढून शिवायच्या नाहीत. खाली धुतलेलं मऊ सुती कापड लावायचं, फाटलेल्या जागेवर बारीक रेशमी धागे आडवे टाकून छोट्या टाक्यांनी दाबायचे. धागा मुद्दाम नाजूक घ्यायचा, कारण ताण आला तर आपला धागा तुटावा, आजीचा नाही.

उजेडाचं नुकसान साठत जातं, नंतर अंधारात ठेवून ते भरून येत नाही. म्युझियममध्ये असं कापड ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेडात ठेवतात, दिवसा खिडकीजवळ हा आकडा सहज हजाराच्या वर जातो. आम्ही पुठ्ठ्याच्या जाड नळीवर फॉइल आणि मलमल गुंडाळून (पुठ्ठ्यातही आम्ल असतं) त्यावर लुगडं गुंडाळलंय. दिवाळीत पंधरा दिवस फक्त पदर उलगडून तिरप्या फळीवर मलमल टाकून ठेवतो, मग परत कपाटात.