नाळेपासून स्तनापर्यंत : रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी

खानापूरच्या रानातली अमुक वनस्पती स्तनाच्या कर्करोगावर गुणकारी, अशी बातमी बेळगावात अधूनमधून कानावर येते. नीट वाचलं की कळतं, अर्क घातलेला असतो प्रयोगशाळेतल्या एमसीएफ-७ पेशींवर. १९७० मध्ये अमेरिकेतल्या एका ननच्या छातीतून काढलेल्या पाण्यात या कर्कपेशी मिळाल्या. गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांचा त्यात मागमूसही नसतो.

त्या वाहिन्यांकडे लक्ष वेधलं बोस्टनचे शल्यचिकित्सक जुडा फोकमन यांनी. नवीन रक्तवाहिन्या फुटल्याशिवाय गाठ काही मिलिमीटरपलीकडे वाढत नाही, असं त्यांनी १९७१ मध्ये मांडलं. पण हे तपासायचं तर वाहिनीच्या आतलं, एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर शरीराबाहेर वाढवता यायला हवं. १९७३ मध्ये एरिक जाफी आणि सहकाऱ्यांनी ते जमवलं. बाळंतपणानंतर फेकून दिल्या जाणाऱ्या नाळेच्या शिरेत कोलॅजिनेज हे विकर भरून त्यांनी पेशी सुट्या केल्या. नाळ रोज मिळते, तीही फुकट. त्यामुळे जगभर तीच वापरात आली. नाळेची शीर जाड, शिवाय गर्भावस्थेतली. स्तनातल्या बारीक केशवाहिन्यांचा स्वभाव निराळा. एकीचे निष्कर्ष दुसरीला सरसकट लावणं घाईचंच होतं.

स्तनातल्या पेशी वेगळ्या काढणं मात्र किचकट. स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेत निघालेली चरबी बारीक चिरून विकरात ठेवायची, तर ऊतींना आधार देणाऱ्या तंतुपेशीही सोबत येतात आणि बघता बघता सगळी बशी व्यापतात. १९९३ च्या सुमारास उपाय निघाला. फक्त अस्तरपेशींनाच चिकटणारा रेणू लावलेले चुंबकीय मणी मिसळायचे, नळीच्या बाजूला लोहचुंबक धरायचा आणि उरलेलं धुऊन टाकायचं. चुंबकाकडे राहिलेल्या पेशी बशीत फरशीसारख्या एकमेकींना भिडून बसतात. ओळख पटवायला सीडी-३१ आणि व्हॉन विलेब्रँड घटक ही अस्तरपेशींची खूण असलेली प्रथिनं तपासतात. काही पिढ्यांनंतर त्या म्हाताऱ्या होतात, म्हणून तरुण असतानाच उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवायच्या.

वाहिन्या रोखण्याच्या औषधांचा प्रवास काही सरळ झालेला नाही. बेव्हासिझुमॅबला स्तनाच्या कर्करोगासाठी २००८ मध्ये अमेरिकेत घाईने मिळालेली परवानगी २०११ मध्ये काढून घेतली गेली.

बेळगावात १९६३ पासून जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे, नेहरूनगरात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) पारंपरिक औषधांवरची संस्था आहे. वनस्पतीच्या अर्काने वाहिन्यांवर काय होतं हे इथेच पाहायचं ठरलं, तर ऊती द्यायची ती इथल्याच बायकांनी. आयसीएमआरच्या नियमांनुसार संमती रुग्णाला कळेल अशा भाषेत घ्यावी लागते. म्हणजे खानापूर, येळ्ळूरकडून आलेल्या बाईपुढे ठेवायचा कागद मराठीतच हवा.